मेंढीचं बटण

शिरूर, मंगळवार संध्याकाळ

आज परत ते बटण जागेवर. स्क्रीनवरच्या टूलबारच्या डाव्या टोकाला, एवढीशी मेंढी. वैताग आला.

हा कॉम्प्युटर आधी आप्पांचा. ऑफिसात नकाशे काढणारे सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन, डावखुरे. दिवाळीनंतर वारले. मेंढीचं बटण त्यांनीच बनवलेलं. दाबलं की ड्रॉइंगमधल्या सुट्या रेघा एका लेअरमध्ये गोळा होतात. "रेघा म्हंजी मेंढरं, वळाय लागत्यात," म्हणायचे.

मला टूलबार माझ्या सवयीचा हवा. म्हणून रोज सकाळी मेंढी काढते, सेव्ह करते. दुसऱ्या दिवशी ती असतेच.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सविताला विचारलं, मी घरी गेल्यावर इथं कोण बसतं?

ती हसली. "कोण बसंल, ताई? घरी निघताना तुम्हीच तर बसवता की ती मेंढी. डाव्या हातात माऊस धरून. मला वाटलं, आप्पांची आठवण म्हणून."

मला यातलं काहीच आठवत नाही. आणि डावा हात? मी लहानपणापासून सगळं उजव्या हातानंच करते.

वहीत एवढं लिहिलं आणि आत्ता लक्षात आलं. चहाचा कप मघापासून माझ्या उजव्या हातात आहे.