पाकोळी पथकाची पुढची जागा

मी, श्यामकांत वामन गुप्ते, वय सहासष्ट, राहणार मुलुंड पूर्व, मनाने ठणठणीत असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आयुष्यभर विमान उलटं उडवलेल्या माणसाला तो लागतोच.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी वनमाला हिला. वैमानिकाची पगारी नोकरी सोडून मी 'पाकोळी' हे तीन विमानांचं कसरती पथक काढलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पडू नकोस म्हणजे झालं." तिचे उपकार फिटणार नाहीत.

२. धावपट्टीवरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी सोसायटीचे सचिव चंद्रप्रकाश यांना. प्रत्येक प्रयोगाआधी आम्ही पथकाचे तिघं वैमानिक सोसायटीच्या आवारात हात पसरून सगळ्या गिरक्या चालून बघायचो. 'आवारात विमाने उडवू नयेत' अशी नोटीस यांनी लावली होती, ती मी विसरलेलो नाही. पण पुढे दर वेळी गाड्या हलवून जागाही यांनीच करून दिली. मनापासून आभार.

३. मोटार मुलगा देवदत्त याला. माझं विमान मात्र त्याला नाही. अंधेरीच्या एका हॉटेलवाल्याला ते गच्चीवर शोभेला ठेवायचंय आणि चिरंजीवांना ती कल्पना झकास वाटते.

४. ते विमान आणि पथकाचं नाव मधुवंती सबनीस हिला. पहिल्या दिवसापासून ती माझ्या उजवीकडे उडाली, सिद्धेश डावीकडे. बाजूच्यांनी फक्त पुढच्या विमानाकडे बघायचं, जमिनीकडे नाही, हा आमचा नियम. मी चुकलो असतो तर दोघंही माझ्यामागोमाग जमिनीत गेले असते. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कोणी टाकला नाही. मी दोघांचा ऋणी आहे.

५. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्याने माझं उडणं बंद झालं आणि पथकही थांबलं. मधुवंती पुढे यायला तयार नाही. म्हणते, "सर, इतकी वर्षं मी तुमचा पंखच बघितलाय. समोर काय असतं, मला काय माहीत?"

"जमीन असते गं. तेवढी चुकवायची," मी म्हणालो. ती हसली, पण हो म्हणाली नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

६. आम्हा वैमानिकांतलं कोणी वारलं की बाकीची विमानं आकाशात त्याची जागा रिकामी ठेवून सलामी देतात. माझ्यासाठी तशी देऊ नये. माझ्या जागी मधुवंती, तिच्या जागी तिने तयार केलेली ऋतिका, डावीकडे सिद्धेश. खालून बघणाऱ्याला कोणी गेलंय हे कळताही कामा नये.

सही: श्यामकांत वामन गुप्ते

साक्षीदार: डॉ. अनय कर्णिक आणि शेजारी माणिक दिघे. दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

मुलुंड पूर्व, ९ नोव्हेंबर २०२५