त्या एका वर्षाचे कागद

बाबा, तुमचे कागद आता नागपूरला जायचे आहेत. तिथल्या एका संस्थेचं अभिलेखागार आहे, तिथे ते राहतील. न्यायला एक तिशीतली मुलगी आली. हातमोजे घालून माझ्या या बोरगाव मेघेच्या घराच्या पुढच्या खोलीत बसली आणि तिनं तुमचं सगळं आयुष्य सतरंजीवर मांडलं. लग्नपत्रिकांच्या पाठीवरची गणितं, गिरणीमालकांची पत्रं, विजेच्या बिलावर काढलेला पंख्याचा आराखडा. तुमचा चिकटपणा मला नवा नव्हता, पण त्या पोरीला त्याचं भारी कौतुक. भौतिकशास्त्रज्ञ आणि उद्योगांचे सल्लागार, असं ती तुमच्याबद्दल बोलते, तेव्हा मला वाटतं ही दुसऱ्याच कुणाची चौकशी करतेय. सगळं वर्षवार लावून झाल्यावर तिनं विचारलं, मधलं एक अख्खं वर्ष कुठे आहे? गिरणीतल्या हवेच्या ओलाव्यावरचं काम तुम्ही त्या वर्षी करत होतात. पुढच्या-मागच्या पत्रांवरून तिनं ताडलंय की तेच तुमचं सगळ्यात मोलाचं काम असणार. घरात नीट शोधून ठेवा, मी सोमवारी परत येते, असं सांगून ती गेली. शोधायचं काय? ते कुठे गेले हे मला ठाऊक आहे. तिला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. आणि सांगायचं तर धाकटीपासून सुरुवात करावी लागली असती. माझी धाकटी बहीण होती, हेच या घरात कुणी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही मला एकदा हिंगणघाटला गिरणीत नेलं होतं. शाळेला सुट्टी होती, मी आईचं डोकं खात होते, म्हणून नेलं असणार. आत कानठळ्या बसवणारा आवाज, आणि कापसाची भुकटी सगळ्यांच्या केसांत, भुवयांवर. आपल्याकडची वैशाखातली कोरडी हवा, सूत सारखं तुटतंय, कामगार ते जोडून जोडून मेटाकुटीला आलेले. हवेत किती ओल ठेवली तर सूत टिकेल, याचा हिशेब तुम्हाला काढायचा होता. तुम्ही दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेत. एक कोरडा, दुसऱ्याच्या बुडाला ओली चिंधी. चिंधीवर पाणी सोडायचं काम मला दिलंत. कॉलेजात शिकवताना पुस्तकी मराठी बोलणारे तुम्ही माझ्याशी मात्र घरच्यासारखंच बोलायचात. "वाळू नको देजो बरं," म्हणालात. दिवसभर मी त्या चिंधीवरून नजर हलवली नाही. त्या दिवशी होते एवढी मोठी मी पुढे मुख्याध्यापिका झाले तेव्हाही झाले नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र तुम्ही फार कडक. एकदा धाकटीला घंगाळात सोडायला होडी हवी होती, म्हणून मी तुमच्या टेबलावरचा एक कागद घेतला. मला तो कोराच वाटला होता, कोपऱ्यात कुठेतरी चार आकडे होते म्हणे. "माह्या कागदाले हात लावला तं याद राख," एवढंच बोललात आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरलात. त्यापेक्षा मार परवडला असता. धाकटी मात्र त्या ओल्या होडीचा लगदा मुठीत घेऊन घरभर हिंडत होती आणि तिला तुम्ही काही बोलला नाहीत. ती तुमची लाडकी होती. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

मग ते दोन दिवस. तुम्ही हिंगणघाटला, घरी आम्ही तिघीच. सकाळी धाकटी किरकिर करत उठली, अंगात ताप. शेजारचे काका सकाळच्या गाडीनं तिकडेच निघाले होते, त्यांच्याबरोबर आईनं निरोप धाडला की पोरीचा घसा धरलाय, जमलं तर या. काका संध्याकाळी परतले ते तुमचा निरोप घेऊन. आज दोन्ही पाळ्यांची मोजमापं चालू आहेत, मध्ये सोडली तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, उद्या सकाळच्या गाडीनं येतो. तोवर धाकटीचा आवाज गेला होता आणि श्वास घेताना गळ्यात खड्डा पडत होता. आईनं तिला पदरात गुंडाळलं आणि टांग्यातून डॉक्टरांकडे नेलं. घटसर्प. सकाळीच आणली असती तर, असं काहीतरी डॉक्टर म्हणाले. उजाडायच्या आत ती गेली. तुम्ही आलात तेव्हा ऊन चढलेलं होतं. अंगणात माणसं उभी, आणि तुम्ही फाटकातून आत येताय, एका हातात कागदांची पिशवी आणि काखेत टरबूज. धाकटीला टरबूज फार आवडायचं. ते कुणीच चिरलं नाही.

आई दर उन्हाळ्यात रद्दी भिजत घालायची. कागद पाण्यात चांगले कुजले की मेथीचे दाणे घालून उखळात कुटायचे, तो लगदा पाण्याच्या पालथ्या पितळी गुंडावर थापायचा, वाळला की टोपली तयार. त्या वर्षीचे वर्तमानपत्राचे कागद आधीच घमेल्यात पडलेले होते, आणि घरात कुणाला काही सुचत नव्हतं तरी ते तसेच भिजत होते. एका दुपारी तुम्ही टेबलावरचा गठ्ठा उचलून आणलात, घमेल्याजवळ पाट घेऊन बसलात आणि एकेक कागद फाडून पाण्यात टाकू लागलात. आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

"अवो, हे तं तुमच्या कामाचे कागद हायेत ना?"

"कामाचे नाई आता. भिजू दे."

आईनं तुम्हाला अडवलं नाही. ती समोर येऊन बसली आणि तीही फाडू लागली. तुम्ही दोघं रडत नव्हतात. शाईनं पाणी निळं झालं. पुढे कुटायची वेळ आली तेव्हा मुसळ तुम्ही तिच्या हातातून घेतलंत. पुरुषमाणसाला कांडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. तुमच्या तळहातांना फोड आले, आणि कॉलेज उघडल्यावरही कितीतरी दिवस तुमच्या नखांत निळं होतं. तुम्ही नंतर पुष्कळ गिरण्यांची कामं केलीत, ओलाव्याच्या त्या कामाला मात्र परत हात लावला नाहीत. आणि धाकटीचं नाव घेणं घरात थांबलं. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता.

मला तुमचा राग होता, बाबा. अजूनही आहे. मोजमापं पुन्हा घेता आली असती. पण सकाळी आईलाही तो साधा घसाच वाटला होता, आणि तुम्ही काही डॉक्टर नव्हतात. हे मला माझी मुलं तापानं फणफणायला लागली तेव्हा कळलं, आणि तोवर तुम्ही गेला होतात. ज्या माणसानं एका होडीसाठी माझ्याशी अबोला धरला, त्यानं वर्षभराचे कागद स्वतःच्या हातानं कुटले. तुमचं रडणं तेच होतं, हे मला समजायला फार उशीर झाला.

काल सोमवार होता. त्या लगद्याची टोपली अजून माझ्याकडे आहे, तिच्यात मी लसूण ठेवते. तो काढला, टोपली पुसली आणि टीपॉयवर ठेवली. आज सगळं सांगायचंच, असं ठरवलं होतं. त्या पोरीनं चहा घेतला, टोपली हातात धरून पाहिली आणि म्हणाली की अशा टोपल्या तिच्या आजीकडेही होत्या. मग कागदांचं विचारलं. सापडले नाहीत, मी म्हटलं. वाळवी लागली असेल, असं तिनं स्वतःच म्हणून तसं लिहूनही घेतलं. मी तिला थांबवलं नाही. तुमच्याबद्दल एक पान आठवणी लिहून द्या, अशी विनंती करून ठेवलीय तिनं. ते लिहायला बसले आणि हे लिहून झालं. हे तिला द्यायचं नाही आणि तुम्हाला पोचायचं नाही. तिच्यासाठी दुसरं पान लिहीन.

निघण्याआधी तिनं तुमचं चरित्र वाचून दाखवलं. जन्म, शिक्षण, नोकरी, गिरण्या, आणि शेवटी परिवार: पत्नी व एक कन्या. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, तुम्ही किती भावंडं, आणि मी सवयीनं म्हणून गेले होते, मी एकटीच. बरोबर आहे ना, तिनं विचारलं. मी हो म्हटलं आणि खाली सही करून दिली.