राहिलेली इच्छा

१९ जानेवारी, सोमवार

स्वप्नील आला. पेटीतून.

दुपारी विमानतळावरून ॲम्ब्युलन्स गावात शिरली. माझं पोरगं बोटीच्या इंजिनरूममध्ये काम करणारं. दोन देशांचं भांडण, त्यात कुणीतरी वरून बॉम्ब सोडला. ह्याचं कुणाशी काय वाकडं होतं? शेजारच्या कोंबडीला कधी दगड मारला नाही त्यानं!

पेटी उघडा म्हटलं, तर सदूभाऊजी आडवे आले. धाकटे दीर, पण भावकीत त्यांचाच शब्द चालतो. "वयनी, बघून काय करनार? डोल्यांपुढं हाय तसाच राहू दे त्याला." ह्यांनीही मान खाली घातली. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मी पायरीवर बसून राहिले. स्वतःच्या पोराचं तोंड पाहिलं नाही मी.

२० जानेवारी

चूल बंद. विमलबाईंनी, सदूभाऊजींच्या बायकोनं, पिठलं-भात आणला. ह्याला कडू घास म्हणतात ते उगाच नाही. गिळवेना.

२८ जानेवारी, बुधवार

आज दहावा. पाताळगंगेच्या काठावर पिंड ठेवले. कावळे पलीकडच्या करंजावर बसलेले — चांगले पाच-सहा! खाली कुणी उतरेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली की असं होतं. ह्यांनी हात जोडून कबूल केलं, तुझ्या आईला सांभाळीन. नाही. सदूभाऊजींनी रियाचं, त्याच्या बहिणीचं, लग्न अंगावर घेतलं. नाही. कुणी म्हणालं, त्याला अंगणात बोअरवेल मारायची होती, ती मारू. कावळे ढिम्म! ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

लोक जेवले, घरी गेले. माझ्या पोराचं काय राहिलं? मी त्याची आई, आणि मला ठाऊक नाही!

१ फेब्रुवारी

टीव्हीवर लढाई चालूच. ज्या देशानं बॉम्ब सोडला त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्यांच्या आया माझ्यासारख्या पायरीवर बसोत. बोलून बरं वाटतं — चहा गार होईपर्यंत.

८ फेब्रुवारी, रविवार

रियानं बळंच ध्यानकेंद्रात नेलं. नेरळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. मन शांत होईल म्हणाली. श्वासाकडे बघा म्हणाले, बघितलं. येतो, जातो. स्वप्नील काही येत नाही. शेजारची बाई घोरत होती. मिळाली बिचारीला मनःशांती!

डोळे मिटले की करंजावरचे कावळे दिसतात. तो कुठेतरी अडकलाय, आणि तो अडकलाय तोवर मलाही सुटका नाही.

९ फेब्रुवारी

विमलबाई वालाच्या शेंगा सोलायला येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "आक्का, त्याचं दुसरं काय मागनं आसंल गं? ही लढाई थांबू दे, येवढंच आसंल."

दहाव्याला नदीकाठी हे कुणालाच सुचलं नाही. सुचलं असतं तरी कबूल कोण करणार? लढाया थांबवणं आमच्या भावकीच्या हातात आहे होय! माझ्या हातात माझं तोंड आहे. ते आवरून बघते.

११ फेब्रुवारी

आज शिव्या दिल्या नाहीत. फार जड गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दिवा लावताना त्या देशातल्या पोरांसाठीही हात जोडते. आधी नुसते ओठ हलायचे, आत सगळं जळत असायचं. आज मात्र मनापासून म्हटलं — त्यांचीही पोरं घरी जाऊ देत. रडू आलं, पण ते निराळं होतं. छातीवरचा दगड जरा सरकला. पोर आज सुटला असेल, असं वाटलं.

बातम्यांत म्हणे बोलणी सुरू होणार आहेत. मागेही फिसकटली होतीच. तरी मी आशा धरून आहे. कुणी हसलं तर हसो.

३ मार्च, मंगळवार

सकाळी बोटीच्या कंपनीचा फोन. ओळख पक्की करायला जानेवारीत ह्यांचं रक्त तपासणीला नेलं होतं, त्याचा रिपोर्ट आता आला. पेटीतला मुलगा स्वप्नील नव्हता. बोटीवर त्याच्याच बरोबर कामाला होता, आणि त्याच देशाचा, ज्याला मी शिव्या देत होते. अंगात स्वप्नीलचं जॅकेट होतं, म्हणून चूक झाली म्हणाले. स्वप्नीलचा पत्ता नाही.

ह्यांच्या हातातला फोन मी घेतला. विचारलं, त्या पोराला आई आहे का?

आहे म्हणाले. अजून वाट बघतेय.

म्हटलं, "तिला सांगा, त्याला आम्ही घरचा म्हणून पोचवला."