पंपघराची किल्ली

वसई,
१४ नोव्हेंबर २००३

तीर्थरूप मालनआत्यास,
साष्टांग नमस्कार.

गुडघ्याचे टाके सुकले, जिनाही चढतेस, असं विनिताताई फोनवर म्हणाली. बरं वाटलं. मी अजून नायगावच्या साइटवरच आहे. चौथ्या मजल्याचा स्लॅब झाला.

दर फोनला तू केळी कशी आहेत विचारतेस आणि मी "बरी आहेत" म्हणते.

केळी नाहीत, आत्या. जूनमध्ये बाबांनी ती तोडली आणि तुझ्या वाट्याच्या वाडीला तारेचं कुंपण घातलं. म्हणाले, "मालन काय परत यायची नाही. सोडूनच गेली ती." कुंपणाची रेघ मी आखून दिली.

शाळेतली रिटा आता माणिकपूरला वकिली करते. तिला मैत्रिणीची गोष्ट म्हणून विचारलं. ती म्हणाली, "स्वतःहून सोडलं तर सोडलं. पण संमती नाही, कोर्टाचा हुकूम नाही आणि ताबा काढून घेतला, तर ते बेदखल करणं. सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर मालक कोण हे बघत नाहीत, ताबा कोणाचा होता तेवढंच बघतात." मग हसली. "मैत्रिणीला म्हणावं, बापाविरुद्ध बोलायची तयारी ठेव."

म्हणजे तू गेलीस की तुला काढलं, एवढंच ठरायचं आहे. मे महिन्यात गुडघ्याच्या उपचारासाठी विनिताताईकडे निघालीस, तेव्हा रिक्षात बसल्यावर तू पंपघराची किल्ली माझ्या हातात दिलीस. "मी येईपर्यंत पाणी लाव गं. तुझ्या बापाकडे नको देऊस, हरवील मेला." वाडी सोडून जाणारं माणूस असं सांगत नाही. हे ऐकायला तिथे मी एकटीच होते.

किल्ली मी त्याच आठवड्यात बाबांना दिली. त्यांनी मागितली म्हणून, असं लिहिणार होते. पण त्या जागेवर होणाऱ्या इमारतीत एक फ्लॅट माझ्या नावावर करू, असं ते म्हणाले होते. इमारतीचा नकाशाही मीच काढला.

परवा जेवताना बाबांना सांगितलं, कोर्टात मी हे सगळं बोलणार. आई वाढायची थांबली. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "मग उद्यापासून मालनकडेच जेव."

नोव्हेंबर संपायच्या आत ये. वसई रोडला उतर, उमेळ्याला घरी जाऊ नकोस. मी स्टेशनवर असेन. कालपासून रिटाकडे राहते आहे.

आलीस की माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही.

तुझी भाची आणि साक्षीदार,
संपदा