कंपनीच्या ओव्हनमधलं चिकन

४ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांनी आज परत ताट सरकवलं. दुधी, बिनतेलाचा. दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड केलं. आई म्हणाली, "एवढ्या गोळ्या जातात पोटात, त्यांना खाली काही आधार नको का?" तर म्हणाले, "अठरा वर्षं लोकांना चिकन चिली खाऊ घातली, त्याची ही शिक्षा!"

हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही.

हृदयात दोन स्टेंट टाकून पाच आठवडे झाले. वजन नऊ किलोनं उतरलंय. गाडी खाली जिन्याजवळ प्लास्टिक पांघरून उभी आहे. लाल अक्षरांतलं 'चिमाजी चायनीज' त्यातूनही वाचता येतं. डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलंय, चिकन बंद नाही. मी दोनदा विचारून घेतलं होतं. पण आईला उकडण्यापलीकडे सुचत नाही, आणि उकडलेल्याला अण्णा 'दवाखान्यातलं कोंबडं' म्हणतात.

जेवणाच्या सुट्टीत एक व्हिडिओ सापडला. अमेरिकेतली बाई आहे. तिकडे लोक चायनीज पार्सल मागवतात, तसलंच चिकन ती घरी ओव्हनमध्ये करते. तेल फक्त चमचाभर! संत्र्याचा रस, सोया सॉस, आलं, लसूण, मध. तिचं बोलणं निम्मं कळलं नाही. तीनदा पाहिला आणि मापं उतरवून घेतली.

५ फेब्रुवारी, बुधवार

बाई ओव्हन चारशेवर ठेवते. दचकलोच – चारशेवर कोळसा होईल! मग कळलं, ते फॅरेनहाइट. मोबाइलवर हिशोब केला. दोनशे चार.

म्हणजे आमचाच ओव्हन!

गेली तीन वर्षं चाकणच्या ह्या कंपनीत मी दुसरं करतो काय? गाडीच्या सीटखालचे लोखंडी ब्रॅकेट टाक्यांत धुऊन येतात, त्यांच्यावर रंगाची कोरडी पावडर मारली जाते, आणि मी ते ओव्हनमध्ये भाजतो. दोनशे डिग्री, वीस मिनिटं. घरी ओव्हन नाही, पण ओव्हन चालवणारा आहे.

डबे तर आम्ही सगळेच ओव्हनच्या छतावर ठेवतो. टाकीवरच्या खंडूमामांची भाकरी रोज तिथेच गरम होते. छतावर चालतं, मग आत का चालू नये?

उद्या गुरुवार, कंपनीला सुट्टी. बर्नरची सर्व्हिस झालीय, म्हणून ओव्हन चालवून बघायला मला एकट्याला बोलावलंय. तासभर रिकामा चालला की आत रंगाचा धूर कुठला राहणार?

असं मी स्वतःलाच समजावतोय. लिहिताना कळतंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळं यादीप्रमाणे केलं. चिकन रात्रीच आलं-लसणात मुरवून ठेवलं होतं. मांडीचं घेतलं, छातीचं कोरडं पडतं असं अण्णा सांगायचे. सकाळी अंडं आणि कॉर्नफ्लोअर लावलं, वरून टोस्टचा चुरा. सॉस घरीच गॅसवर करून बाटलीत भरला. वॉचमननं बॅग बघितलीही नाही. "आज सुट्टीलाबी कामाला का भावा?" एवढंच म्हणाला.

आठला बर्नर पेटवला. नऊ पाचला चिकन मांडलेली नवी जाळी आत टांगली. अठरा मिनिटं. एकदा उलटवलं.

यादीत एकच गोष्ट खोडली – जाळीखाली ठेवायचा ट्रे. ब्रॅकेट लटकवायच्या हुकांवर ट्रे बसत नव्हता. म्हटलं, एवढ्याशा चिकनमधून काय गळणार! गळलं. ओव्हनच्या तळाला सात-आठ काळे डाग आणि बारीक धूर. दार उघडून धूर जाऊ दिला, गार झाल्यावर चिंध्यांनी पुसलं. दिसेनासं झालं.

अण्णांनी सहा तुकडे खाल्ले. मग दोन. मग वाटी पुसून घेतली. म्हणाले, "तळलं नाहीस? खरं सांग." आई पदराआड हसत होती. कुठे केलंस म्हणाले. मित्राकडे भट्टी आहे, म्हणालो.

मला काहीतरी चोरून आणल्यासारखं वाटत होतं. आणि त्यांच्या पोटात रंग तर गेला नसेल ना – हे आधी सुचायला हवं होतं, त्यांनी वाटी पुसल्यावर नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली ट्रॉली बाहेर आली. प्रत्येक ब्रॅकेटच्या रंगात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. दुसरी ट्रॉली तशीच. तिसरी तशीच. जेवणापर्यंतचा सगळा माल बाद. अकराशे चाळीस नग.

सुपरवायझर गणराज सर धावत आले. एक ब्रॅकेट उजेडात धरून म्हणाले, "तेल आहे. कुठून तरी तेल आलंय." आणि तडक टाकीकडे गेले. तेल म्हटलं की पहिली टाकीच. माल आधी तिथे धुतात, आणि त्या पाण्यात सकाळी तेल काढायची पावडर टाकायचं काम खंडूमामांचं.

"मामा, पावडर टाकली होती का सकाळी?"

"टाकली की! रोज टाकतो."

"मग हे काय आहे?"

सरांनी समोर उभं राहून नवीन पावडर टाकायला लावली. आणि दुपारनंतर माल चांगला यायला लागला! यायचाच होता. तोवर ओव्हनच्या तळाला राहिलेली चिकनची चरबी जळून तिचा धूर विरला होता. पण सगळे म्हणाले, बघा, टाकीच होती.

मी मामांना पावडर टाकताना पाहिलं होतं. ते बॅग रिकामी झाली की टाकीच्या काठावर तीनदा आपटतात. आजही आपटली होती.

मी पुढची ट्रॉली आत ढकलली.

८ फेब्रुवारी, शनिवार

खंडूमामांचा गेटपास काढून घेतला. ठेकेदाराचा माणूस, एका फोनवर गेला. अकरा वर्षं.

आणि मी काय केलं! ज्या कंपनीला ब्रॅकेट जातात तिला रिपोर्ट द्यावा लागतो. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं अक्षर चांगलं आहे राव, आणि चुका करत नाहीस. इंग्रजीचं मी बघतो, आपल्या बोर्डावर लावायचं मराठी तू लिही." दहावी दोनदा दिली मी, पण मराठीत कधी मागे नव्हतो. सर सांगत गेले, मी लिहीत गेलो. 'कारण – टाकी विभागातील कामगाराचे दुर्लक्ष. उपाय – कामगार बदलला.'

'दुर्लक्ष' लिहून झाल्यावर रफार नीट पडलाय ना, हे मी वाकून बघितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णा जिना उतरून गाडीपर्यंत जाऊन आले. वर आल्यावर म्हणाले, "तुझ्या मित्राची भट्टी परत कधी?"

१० फेब्रुवारी, सोमवार

बोर्डावर माझं अक्षर. येताजाता दिसतं. डबा छतावर ठेवला नाही, थंडच खाल्ला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजचं लिहायला हात उठत नाही.

खंडूमामा गेटवर आले होते, लॉकरमधल्या चपला न्यायला. मला बघून थांबले. मी मान खाली घालून निघणार, तर हाक मारली.

"आरं, तू तर समूरच आसतो. त्या शुक्करवारी म्या पावडर टाकली का रं? तुला दिसलं आसंल."

रागानं विचारत नव्हते. खरंच विचारत होते. लहान मुलाला शाळेत गणित सुटेना तसा चेहरा.

मी म्हणालो, "लक्ष नव्हतं मामा."

"व्हय. कामात आसनार तू." चपला पिशवीत घातल्या. "मला तर टाकल्यावानी वाटतंय. पन तसं रोजच वाटनार की! इसरलो आसंन. वय झालं आता."

निघोज्याकडे, त्यांच्या गावाकडे, चालत गेले. रिक्षा रिकाम्या जात होत्या. एकीलाही हात केला नाही.

चिकन केलं ती चूक. ट्रे ठेवला नाही ती चूक. गप्प बसलो ती भीती. पण आजचं? आज समोर उभं राहून विचारलं त्यांनी! ह्याला शब्द माहीत आहे मला, लिहायची लाज वाटते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. अण्णांनी भाकरी-भाजी मुकाट्यानं खाल्ली, "पुढच्या गुरुवारी करशील," असं म्हणत. माझी वाट बघतायत ते. मी अंथरुणातून दुपारपर्यंत उठलो नाही. आईला सांगितलं, अंग दुखतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

टाकीवर नवीन माणूस आलाय. किसन. परभणीकडचा. पावडर किती टाकायची, त्यानं मलाच विचारलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. गणराज सरांच्या केबिनमध्ये उभा राहिलो, दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

सरांनी चहा संपवला. म्हणाले, "माहितीये मला."

"काय?"

"त्या शनिवारी ओव्हनचा फिल्टर काढला तेव्हाच. अरे, लसणाचा वास येत होता! पावडर कोटिंगच्या ओव्हनला!" आणि हसायला लागले. "काय केलं होतंस?"

"चिकन."

"कसं झालं होतं?"

मी म्हणालो, सर, मामांना परत घ्या. तेव्हा हसायचे थांबले.

"भावा, ऐक. रिपोर्ट गेला. त्यांनी मंजूर केला, विषय बंद. आता काय कळवू? कारण – चिकन? उपाय – कोंबडी बदलली? तुझं जाईल, माझं जाईल, कंपनीची ऑर्डर जाईल. टाकीवर माणूस सकाळी गेटवर उभा असतो. ओव्हन समजणारा पोरगा मला सहा-सहा महिने मिळत नाही." मग जरा मऊ आवाजात, "वडिलांसाठी केलंस ना? झालं तर मग. वडिलांना सांभाळ."

बाहेर आलो आणि ओव्हनवर जाऊन उभा राहिलो. दोनशे डिग्री. ट्रॉली आत, ट्रॉली बाहेर. माझी नोकरी शाबूत आहे. एक क्षण, अगदी एकच क्षण, मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोर्डावरचा कागद काढून टाकावा असं रोज मनात येतं. आज हात लावला. कोपरा सुटला. परत चिकटवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांनी आईला संत्री आणायला लावली. उद्यासाठी. स्वतः सोलून, बिया काढून वाटीत ठेवत बसले होते. हात अजून कापतात, तरी एकेक फोड नीट.

मला बघवेना. म्हणालो, अण्णा, मित्राची भट्टी नव्हती.

सगळं सांगितलं. ते खाली बघून ऐकत होते. आईनं मध्ये "पण ह्यांच्यासाठीच केलं ना त्यानं –" म्हणून तोंड उघडलं, तर हातानं थांबवलं. रंगाचं विचारतील वाटलं, पोटात काय गेलं म्हणून. विचारलं नाही.

"लक्ष नव्हतं म्हणालास त्याला?"

"हो."

"आणि लक्ष होतं."

"हो."

"घर माहितीये त्याचं?"

"निघोज्यात. विचारत गेलो तर सापडेल."

"मग जा उद्या," म्हणाले, आणि वाटी आईकडे दिली. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. मी शाळा सोडली तेव्हा पाहिला होता तो चेहरा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खंडूमामा घरासमोर ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं. चिकन, ट्रे, बोर्डावरचा कागद. आणि बॅग तीनदा आपटताना मी बघितलं होतं, हेही.

वाटलं, उठून मारतील. त्यांनी आत हाक मारली, "आगं, भायेर ये!" त्यांची बायको भिमाबाई आल्या, मागून सून आली. "आता सांग. ह्येंच्यासमोर सांग. मोठ्यांदा."

परत सांगितलं.

सून रडायला लागली. तेव्हा कळलं. त्या शनिवारपासून घरात त्यांना गॅस पेटवू देत नव्हते. नातीला शाळेतून आणायला पाठवत नव्हते. विसरतात म्हणून पिंपरीला मेंदूच्या डॉक्टरकडे सोमवारचा नंबर लावला होता. ते तयारही झाले होते.

"म्हंजी म्या टाकली व्हती," मामा म्हणाले.

"हो मामा."

"इसरलो न्हवतो."

"नाही मामा."

त्यांनी घड्याळ बघितलं. चपला घातल्या. आणि माझ्याकडे न बघता, नातीला आणायला एकटेच निघून गेले.