पहिली सही माझी होती

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीला होते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. मला दमदाटी करणारा अजून जन्मायचाय.

१. राहत्या दोन खोल्या मुलाला आणि सुनेला, निम्म्या निम्म्या. शिलाई मशीन एकट्या सुनेचं. मुलाने ते विकायला काढलं, तर त्याचा खोल्यांतला हिस्साही तिचा.

२. धाकट्या दिरांना काही नाही. माझी शिडी नेली ती परत आणली नाही. तीच त्यांना लखलाभ.

३. आता मुद्द्याचं. पगारकपातीच्या दाव्यात गेल्या आठवड्यात कोर्टाने आम्हा बायकांच्या बाजूने निकाल दिला. चौदा वर्षांचा कापलेला पगार कंपनीने व्याजासकट द्यायचाय. ‘आम्हाला कपात मान्य आहे’ हा कंपनीने दाखवलेला कागद सह्या घेताना कोरा होता, असं कोर्ट म्हणालं. तो आणणारे आमच्या युनियनचे पुढारी पुढे मंत्री झाले, आणि त्यांचे जावई त्याच कंपनीचे संचालक, हेही निकालात आहे.

निकालात नाही ते मी लिहिते. आमच्यात रीत होती, सगळ्यात जुनीने आधी सही करायची, बाकीच्यांनी न वाचता तिच्याखाली. जुनी मी. पुढारी म्हणाले, “मावशी, तुम्ही करा, मग सगळ्या करतील. मजकूर मागाहून टाइप करतो.” कागद कोरा दिसत होता, तरी केली. मग तो बुटकीच्या हातात दिला आणि म्हटलं, “फिरव गं.” बुटकी शेजारच्या टेबलावरची, माझी जिवाभावाची मैत्रीण.

महिन्याभरात माझ्या मुलाला पुढाऱ्यांच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी लागली. तेव्हा मला सगळं उमगलं, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. इकडे कपात सुरू झाली तशा सगळ्याजणी बुटकीवर उलटल्या. मीही त्यांच्यासारखीच फसले असं त्यांनी धरलं; कागद तिच्या हातात मी दिला, हे कोणाला ठाऊक नव्हतं. “हिनेच फिरवला, हिनेच आम्हाला विकलं!” चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यानंतर तिच्याजवळ बसून कोणी डबा उघडला नाही. मीही नाही. तिने मात्र एकदाही माझं नाव घेतलं नाही. मला लाज वाटते.

४. म्हणून निकालातून माझ्या वाट्याला येईल ते सगळं बुटकीला. मुलाने हरकत घेऊ नये; त्या सहीचं त्याला केव्हाच मिळालंय.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसं करू नये. येत्या रविवारी कारखान्याच्या फाटकापाशी सगळ्याजणी जमतील, तेव्हा दाव्यातल्या आमच्या वकीलबाईंनी हे मोठ्याने वाचावं. मी समोर खुर्चीत बसेन. बुटकी मला काय बोलेल, ते ऐकायला मी जिवंत असले पाहिजे.

सही: मावशी

साक्षीदार:
वकीलबाई (सही)
खालच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: निकालानंतरचा पहिला गुरुवार