मिरज स्टेशनाबाहेरचा नळ

बाबा, मिरज स्टेशनाबाहेरचा तो पितळी तोटीचा नळ आता राहिलेला नाही. मागच्या महिन्यात सांगलीला गेले होते, तेव्हा मुद्दाम रिक्षा मिरजेपर्यंत नेली आणि उतरून पाहिलं. नळाच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानातल्या मुलीने काय हवंय विचारलं, तर मी पिशवीतली लाइट बिलाची एक प्रत काढून घेतली आणि परत फिरले. काहीतरी वाटेल अशा तयारीने गेले होते. काही वाटलं नाही. सातारला घरी येऊन मेथी निवडली.

तुम्ही गेलात तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि आता तुमच्या दुप्पट वयाची आहे. तरी तुम्हाला अरेतुरे करायची हिंमत होत नाही. तुमचं मला आठवतं ते सगळं तुकड्यातुकड्यांनी. आधी सातारची नोकरी, रस्ते आणि त्यांखालच्या मोऱ्या बांधायची. खंडाळ्याकडे काम चालू असताना एकदा तुम्ही आईला आणि मला तिथे घेऊन गेलात. बाराच्या ठोक्याला तुम्ही खिशातलं घड्याळ पाहता, टोपी काढता आणि उन्हात उभ्याने प्रार्थना म्हणता. आसपास चर्च नाही, घंटा नाही. खडी फोडणारी माणसंही हातोडे खाली ठेवून गप्प उभी राहतात. वसईच्या आपल्या गावात हे कुणाला नवलाचं वाटलं नसतं, पण इथे दहा कोसांत आपलंच एक घर ख्रिस्ती होतं. लोकांना त्याचं काही वाटत नसे. साहेबांचा देव बाराला येतो, एवढंच ते धरून चालत.

मग आपण सांगलीजवळ माधवनगरला आलो. तुम्ही कापडगिरणीत बॉयलर आणि इंजिनं सांभाळायला लागलात. मी तुमचा डबा घेऊन येत असे, म्हणून तिथलं एक वाक्य माझ्या कानात बसलं आहे. तुम्ही विचारायचात, प्रेशर किती आहे. माण तालुक्यातून आलेला एक थोराड फायरमन होता, तो भट्टीत कोळसा टाकता टाकता म्हणायचा, "हाय की सायेब, रोजच्यावानीच." आणि तुम्ही आवाज न चढवता म्हणायचात, "बघून सांग." तो हसत काट्यापर्यंत जायचा, बघायचा आणि आकडा सांगायचा. रोज तेच. घरीही तेच. दूध उतू गेलं का, धाकट्याला ताप आहे का, दाराला कडी घातली का, आम्ही अंदाजाने काही म्हटलं की तुमचं उत्तर एकच. आई वैतागून म्हणायची, तुम्हाला स्वर्गाच्या दारातही संत पेत्राला बघून सांग म्हणायचं आहे. तुम्ही खो खो हसायचात. संध्याकाळी जपमाळेला मात्र आम्हाला गुडघ्यांवर बसवून तुम्ही स्वतः सगळ्यांत ताठ बसायचात. बोटांच्या फटींत ग्रीसचं काळं राहिलेलं असायचं आणि त्याच बोटांनी मणी पुढे सरकायचे.

फादर पुण्याहून महिन्याच्या पहिल्या रविवारी मिरजेला यायचे. रेल्वेच्या वसाहतीतल्या एका हॉलमध्ये मिस्सा, आपली रविवारची उपासना, व्हायची. त्या काळी मिस्सेत ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती घ्यायची तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये असा नियम होता. अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुम्ही माधवनगरहून तसेच कोरड्या घशाने सायकल मारत जायचात, आणि एकही पहिला रविवार तुम्ही चुकवल्याचं मला आठवत नाही. तुमच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की महिनाभर तुम्ही त्या एका घासाची वाट बघता. माझा पहिला ख्रिस्तप्रसाद ठरला तेव्हा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खूश होतात. आईने गिरणीच्या लाँगक्लॉथचा पांढरा फ्रॉक शिवला. माझा पुढचा एक दात हलत होता, आणि त्याला दोरा बांधून देऊ का म्हणून तुम्ही आठवडाभर मला चिडवत होतात. आम्हा मुलांना त्यासाठी शिकवून तयार करणारी बाई रेल्वेतल्या एका ड्रायव्हरची बायको होती. ती म्हणाली होती की प्रसाद नुसता जिभेवर विरघळू द्यायचा. ते ख्रिस्ताचं शरीर आहे, त्याला दात लागला तर त्यातून रक्त येतं.

त्या रविवारी आई बाळंतीण होती, म्हणून आपण दोघंच निघालो. मी पुढच्या दांडीवर, खाली घडी घातलेला टॉवेल, हँडलला पाव आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा. स्टेशनाजवळ येईपर्यंत मी हँडल घट्ट धरून बसले होते. मग म्हणाले, बाबा, मी सकाळी माठातलं पाणी प्यायले.

तुम्ही सायकल थांबवलीत. मला उतरवलंत. मी मार खायच्या तयारीने उभी होते, फ्रॉक दोन्ही हातांनी धरून. तुम्ही एकदा रुळांकडे पाहिलंत. मग सायकल भिंतीला लावलीत, नळाजवळ गेलात, तोटी फिरवलीत आणि ओंजळ लावून पाणी प्यायलात. एकदा नाही, तीनदा. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "आता मीही प्यायलो. मागच्या बाकावर दोघं बसू. पुढच्या महिन्याला दोघं मिळून घेऊ."

आपण मागच्या बाकावर बसलो. माझ्याबरोबरची सहा मुलं मेणबत्त्या घेऊन पुढे गेली. सगळी मोठी माणसं उठली, तुम्ही उठला नाहीत. तुम्ही पापात आहात असं ज्यांना वाटायचं त्यांना वाटलं असेल. ती ड्रायव्हरची बायको दोनदा वळून बघत होती. तुमचा हात माझ्या डोक्यावर होता, पांढऱ्या जाळीच्या ओढणीवर, आणि तो जड लागत होता. परत येताना आपण झाडाखाली अंडी खाल्ली. तुम्ही माझ्या अंड्याला मीठ लावून दिलंत.

पुढच्या महिन्याला तुम्ही नव्हतात. अकरा दिवसांनी, गुरुवारी, सकाळी गिरणीत गेलात, काट्याशी उभे असताना खाली बसलात आणि उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. फादरना तार केली, पण ते येईपर्यंत मिरजेच्या दफनभूमीत सगळं उरकलं होतं. गिरणीची माणसं पायी आली होती. तो फायरमन आईपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "आवं बाई, भट्टीवरनं हाटलो की सायेब सवता आमाला पानी द्यायचं. पानी प्यायल्याबिगर कवा सोडलं न्हाई." आईने मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी रडत नव्हते. माझ्या रडण्याची सगळे वाट बघत होते हे मला कळत होतं.

तुम्ही शेवटचा प्रसाद न घेता गेलात, हे आईला पुढे अडतीस वर्षं सलत राहिलं. फादरनी समजावलं, मोठं झाल्यावर मीही समजावलं, पण धुतलेल्या कापडावर एखादा डाग राहून जावा तसं ते राहिलं. तिने मला दोष दिला नाही. एकदाच, पोळ्या लाटताना, ती म्हणाली, "तू त्या दिवशी पाणी प्यायली नसतीस तर..." आणि पुढे पीठ मागितलं. मी पीठ दिलं. तेव्हा सांगता आलं असतं. ती आजारी पडली तेव्हाही आलं असतं. मधल्या काळात नियमही बदलला, पाणी प्यायलं तरी उपास मोडत नाही असं ठरलं. चर्चमध्ये ते वाचून दाखवलं तेव्हा मी आईच्या शेजारी उभी होते. घरी येऊन आम्ही दोघींनी जेवून घेतलं.

हे पत्र चार दिवस टेबलावर आहे. पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. ज्यासाठी लिहायला बसले ते एवढंच आहे की त्या सकाळी मी पाणी प्यायले नव्हते. दात हलत होता. तो प्रसादाला लागेल आणि सगळ्यांदेखत माझ्या तोंडातून रक्त येईल, याची मला भीती वाटली होती. बाकी काही नाही. तुम्हाला भीती सांगायची मला लाज वाटली आणि पाणी सांगणं सोपं होतं.

सगळ्या जगाला बघून सांग म्हणणारे तुम्ही, मला तेवढं म्हणाला नाहीत. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही एकदा विचारलं असतं, तर मी तिथेच खरं बोलले असते आणि तुम्ही त्या नळाकडे गेला नसता. आज बघून सांगते, बाबा. तुम्ही विचारलं असतं तरी मी प्यायले असंच म्हणाले असते.